फोन लावणारे यंत्र आणि उचलणारा माणूस

अनोळखी नंबरवरून फोन येतो. उचलणारा दोनदा ‘हॅलो’ म्हणतो, पलीकडून कुणी बोलत नाही आणि चार-पाच सेकंदांत लाइन तुटते. मराठी घरांत याला ‘ब्लँक कॉल’ म्हणतात. घरात एकटी बाई असेल तर ती धास्तावते. म्हातारी माणसे ‘कुणाचा असेल’ म्हणत फोनजवळ घुटमळत राहतात. अशा पुष्कळ फोनांमागे खोडसाळपणा नसतो. कुठल्याशा कार्यालयातल्या डायलरने, म्हणजे आपोआप फोन लावणाऱ्या यंत्रणेने, एका टेलिकॉलरसाठी एकदम चार जणांना फोन लावलेला असतो. त्यातला एक जण आधी ‘हॅलो’ म्हणतो, टेलिकॉलर त्याच्याशी बोलू लागतो आणि पाठोपाठ फोन उचलणाऱ्या दुसऱ्या माणसासाठी कुणी मोकळे उरत नाही.

फोन आपोआप लावून देणारी यंत्रणा आज बँकांपुरती किंवा मोठ्या कॉल सेंटरपुरती राहिलेली नाही. पतसंस्था हप्त्याची आठवण करून देते, पॅथॉलॉजी लॅब रिपोर्ट तयार असल्याचे कळवते, शाळा सुट्टीचा निरोप देते, निवडणुकीत उमेदवाराचा आवाज घरोघरी पोचतो. २००४च्या लोकसभा निवडणुकीत तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या ध्वनिमुद्रित आवाजातले फोन देशभर गेले, तेव्हा अनेक भारतीयांना या तंत्राची पहिली ओळख झाली. त्या वेळी त्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागे. आता एक साधा संगणक, एक एसआयपी ट्रंक (इंटरनेटवरून चालणारी फोनजोडणी) आणि मोफत मिळणारे सॉफ्टवेअर एवढ्यावर दहा जणांचे कार्यालयही दिवसाला हजारो फोन लावू शकते.

म्हणूनच डायलरची जुळणी कशी होते, ते नीट समजून घेतले पाहिजे. डायलर बसवताना जे आकडे भरावे लागतात ते तांत्रिक वाटतात: किती लाइन, किती वेळ रिंग, किती वेळा पुन्हा प्रयत्न, कोणता नंबर दाखवायचा. प्रत्यक्षात त्यातला प्रत्येक आकडा पलीकडच्या माणसाचा किती वेळ घ्यायचा आणि त्याला किती त्रास द्यायचा, हे ठरवत असतो.

चार तऱ्हा

आपोआप डायल करण्याच्या चार मुख्य पद्धती रूढ आहेत. ‘प्रिव्ह्यू’ पद्धतीत टेलिकॉलरच्या पडद्यावर आधी ग्राहकाची माहिती येते. ती वाचून तो बटण दाबतो आणि मग फोन लागतो. ‘प्रोग्रेसिव्ह’मध्ये बटण नसते. टेलिकॉलर मोकळा झाला की यंत्र पुढचा एकच नंबर लावते. ‘पॉवर’ डायलिंगमध्ये प्रत्येक मोकळ्या टेलिकॉलरमागे दोन, तीन, चार असे ठरावीक संख्येने नंबर लावले जातात. ‘प्रेडिक्टिव्ह’मध्ये ही संख्या यंत्र स्वतः ठरवते. सरासरी किती जण फोन उचलतात, एक संभाषण किती वेळ चालते, कोणता टेलिकॉलर कधी मोकळा होईल, या अंदाजांवर ते टेलिकॉलर मोकळा होण्याआधीच फोन लावून ठेवते.

या शेवटच्या पद्धतीचे गणित ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत विकसित झाले. त्यात डग्लस सॅम्युएलसन या संशोधकाचे नाव महत्त्वाचे आहे. या गणिताची मुळे मात्र खूप मागे जातात. कोपनहेगन टेलिफोन कंपनीतल्या आग्नर क्रारुप एर्लांग या गणितज्ञाने १९०९ मध्ये फोनच्या रहदारीला संभाव्यताशास्त्र लावून दाखवले आणि १९१७ मध्ये किती लाइनना किती रहदारी पेलते याची सूत्रे दिली. कॉल सेंटरमध्ये किती माणसे लागतील, याचा हिशेब आजही त्याच सूत्रांवर चालतो, आणि रहदारी मोजण्याच्या एककालाही ‘एर्लांग’ हेच नाव आहे.

याखेरीज पाचवी तऱ्हा म्हणजे माणूस नसलेला फोन. यंत्र नंबर लावते, ध्वनिमुद्रण ऐकवते, फार तर ‘होय असल्यास १ दाबा’ म्हणते आणि ठेवते. बाजारात याला ‘व्हॉइस ब्लास्ट’ किंवा ‘ओबीडी’ (आउटबाउंड डायलर) म्हणतात. खर्च सर्वांत कमी, म्हणून गैरवापराचा मोहही इथेच सर्वांत जास्त.

यंत्रणेच्या पोटात

लहान आणि मध्यम कार्यालयांत आज जे डायलर दिसतात, त्यांतल्या अनेकांच्या तळाशी ‘अ‍ॅस्टरिस्क’ हे मुक्त सॉफ्टवेअर असते. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात मार्क स्पेन्सर या विद्यार्थ्याने १९९९ मध्ये ते लिहिले. त्याला आपल्या छोट्या कंपनीसाठी ईपीएबीएक्स (कार्यालयातले अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज) हवा होता आणि बाजारातला परवडत नव्हता. पुढे त्याच्या डिजियम कंपनीने ते वाढवले. २०१८ मध्ये कॅनडाच्या सँगोमाने डिजियम विकत घेतली. कॉल सेंटरवाल्यांना परिचित असलेला ‘व्हिसिडायल’ हा मुक्त डायलरही अ‍ॅस्टरिस्कवरच उभा आहे.

अ‍ॅस्टरिस्कमध्ये आपोआप फोन लावण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ‘कॉल फाइल’. ही साधी मजकुराची फाइल असते. कोणत्या वाहिनीवरून कोणता नंबर लावायचा, उचलल्यावर कॉल कुठे न्यायचा, किती सेकंद रिंग वाजू द्यायची, फोन लागला नाही तर किती वेळा आणि किती अंतराने पुन्हा लावायचा, हे त्यात ओळीओळीने लिहायचे. ती फाइल ठरलेल्या फोल्डरमध्ये पडली की अ‍ॅस्टरिस्क ती उचलतो आणि फोन लावतो. काही लिहिले नाही तर रिंगसाठी ४५ सेकंद, पुन्हा प्रयत्नांत ३०० सेकंदांचे अंतर आणि पुन्हा प्रयत्नांची संख्या शून्य धरली जाते.

नवशिके इथे एका ठिकाणी हमखास अडकतात. फाइल थेट त्या फोल्डरमध्ये लिहायला घेतली तर अ‍ॅस्टरिस्क ती अर्धवट असतानाच वाचतो. म्हणून ती त्याच डिस्कवर दुसरीकडे पूर्ण लिहायची आणि मग एका झटक्यात आत सरकवायची. फाइलच्या शेवटच्या बदलाची वेळ भविष्यातली टाकली तर त्या वेळेपर्यंत फोन लागत नाही. ‘उद्या सकाळी दहाला आठवण’ असे काम या एका युक्तीवर निभते. फोन संख्येने वाढले की मात्र फाइलींचा पसारा आवरत नाही. मग ‘मॅनेजर इंटरफेस’द्वारे थेट आज्ञा देतात आणि प्रत्येक कॉलचे काय झाले याची वर्दी त्याच वाटेने परत घेतात. हा दरवाजा सहसा ५०३८ या पोर्टवर असतो आणि तो इंटरनेटवर उघडा ठेवणे म्हणजे कार्यालयाच्या खर्चाने परक्यांना जगभर फोन करू देणे. तो अंतर्गत नेटवर्कपुरताच ठेवायचा आणि पासवर्ड कडक ठेवायचा, ही जुळणीतली पहिल्या दिवसाची कामे आहेत.

आज्ञा दिल्यावर कोणाची घंटा आधी वाजते, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. आधी टेलिकॉलरचा फोन वाजवून त्याने उचलल्यावर ग्राहकाला लावला, तर ग्राहकाच्या ‘हॅलो’ला उत्तर द्यायला माणूस नेहमीच हजर असतो. आधी ग्राहकाला लावला आणि मग टेलिकॉलर शोधला, तर टेलिकॉलरचा वेळ वाचतो आणि ब्लँक कॉलची शक्यता तयार होते. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने फरक दोन ओळींच्या क्रमाचा. फोन उचलणाऱ्याच्या दृष्टीने सगळा अनुभवच त्यावर ठरतो.

बाहेरच्या जगाशी जोडणी पीआरआय या डिजिटल फोनलाइनने किंवा एसआयपी ट्रंकने होते. एका पीआरआय लाइनवर ३० संभाषणे एकाच वेळी चालतात. एसआयपीमध्ये चॅनेलची संख्या करारावर ठरते, आणि सेकंदाला किती नवे कॉल सोडता येतील यालाही कंपन्या मर्यादा घालतात. या मर्यादेचा विचार न करता हजार फाइली एकदम सोडल्या की बरेच कॉल ट्रंकवरच नाकारले जातात, आणि अहवालात ते ‘ग्राहकाने उचलला नाही’ असे दिसतात. पुढचे सगळे निर्णय मग या खोट्या आकड्यांवर होतात.

लहान कार्यालयाचे गणित

डायलर विकणारे नेहमी सांगतात की लाइन वाढवल्या की टेलिकॉलरचा रिकामा वेळ घटतो. ते खरे आहे. पण त्याची किंमत कार्यालयाच्या आकारावर ठरते, आणि ती फारशी कुणी मांडून दाखवत नाही.

समजा, १०० पैकी २५ जण फोन उचलतात. एकच टेलिकॉलर आहे आणि त्याच्यासाठी एकदम चार नंबर लावले. एकही न उचलला जाण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के, आणि दोन किंवा अधिक जणांनी उचलण्याची शक्यता २६ टक्के. हिशेब पुढे नेला तर फोन उचलणाऱ्या दर १०० माणसांपैकी जवळजवळ ३२ जणांना पलीकडे कुणीच भेटत नाही. आता दहा टेलिकॉलर एकदम मोकळे आहेत आणि त्यांच्यासाठी ४० नंबर लावले असे धरले, तर हेच प्रमाण सुमारे ११ टक्क्यांवर येते. ४० टेलिकॉलर आणि १६० नंबर असतील तर साडेपाच टक्क्यांच्या आसपास. प्रत्येक वेळी माणसामागे लाइन चारच. पण गट मोठा झाला की एकाची कमतरता दुसऱ्याच्या रिकाम्या वेळाने भरून निघते.

म्हणजे चारशे जणांच्या कॉल सेंटरमध्ये जी सेटिंग चालते, ती तीन जणांच्या कार्यालयात उतरवली की ब्लँक कॉलांचा कारखाना होतो. एका टेलिकॉलरमागे दोनच नंबर लावले तरी उचलणाऱ्यांपैकी साडेबारा टक्के वाऱ्यावर सुटतात. दहा टेलिकॉलर असतील आणि माणसामागे चारऐवजी तीन लाइन ठेवल्या, तर हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आत येते. प्रत्यक्षात सगळे टेलिकॉलर एकाच क्षणी मोकळे होत नाहीत, म्हणून खरे आकडे यापेक्षा वेगळे पडतील. पण कल हाच राहतो. पाचापेक्षा कमी माणसे असतील तिथे प्रोग्रेसिव्ह किंवा प्रिव्ह्यू हाच शहाणा पर्याय आहे.

टेलिकॉलरच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. प्रेडिक्टिव्ह डायलरवर एक संभाषण संपते तोच दुसरे कानात येऊन आदळते. ग्राहकाचे नाव वाचायला सवड नसते, मागच्या बोलण्याची नोंद करायला वेळ नसतो. वसुलीच्या कामात तर मागचा माणूस ओरडलेला असतो आणि त्याचा ताण घेऊनच पुढच्याशी बोलायचे असते. दोन कॉलांमध्ये ठरावीक सेकंद देण्याची सोय बहुतेक डायलरमध्ये असते. आकडे वाढवायच्या नादात ती शून्यावर नेली जाते आणि मग नोकरी सोडून जाणाऱ्यांच्या जागी नवी माणसे शिकवण्यात वाचलेला वेळ खर्ची पडतो.

‘हॅलो’ ओळखणारे यंत्र

अमेरिकेत घरोघरी आन्सरिंग मशिन होती, म्हणून तिथल्या डायलरना माणूस आणि मशिन यांतला फरक ओळखणे भाग पडले. अ‍ॅस्टरिस्कमधली ही सोय ध्वनीच्या लांबीवर चालते. सुरुवातीला अडीच सेकंद शांतता असली, किंवा पहिले बोलणे दीड सेकंदापेक्षा लांबले, किंवा ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त शब्द कानी आले, तर पलीकडे मशिन आहे असे ती मानते. छोटे ‘हॅलो’ आणि मग साधारण पाऊण सेकंदाची शांतता असेल तर माणूस. निर्णयाला पाच सेकंदांपर्यंत मुभा असते.

हे मूळ आकडे भारतात जसेच्या तसे ठेवणे धोक्याचे आहे. आपल्याकडे आन्सरिंग मशिनची सवय कधी रुजलीच नाही. ‘हॅलो, हॅलो, कोण बोलतंय?’ असे एका दमात म्हणणारा माणूस यंत्राला मशिन वाटतो आणि त्याच्या तोंडावर फोन ठेवला जातो. जो माणूस ठरतो, त्यालाही निर्णय होईपर्यंत शांतता ऐकावी लागते. भारतीय फोनवर खरी अडचण वेगळीच असते. कॉलर ट्यून आणि ‘ग्राहक संपर्कक्षेत्राबाहेर आहे’ छापाच्या सूचना फोन उचलण्याआधीच ऐकू येतात. ट्रंककडून नुसता ध्वनी येतो, नेमके कारण दरवेळी येत नाही. म्हणून बंद फोन, व्यस्त फोन आणि न उचललेला फोन अहवालात एकाच रकान्यात जमा होतात. या तिघांसाठी पुन्हा फोन लावायची वेळ वेगवेगळी असायला हवी: व्यस्त असेल तर दहा-पंधरा मिनिटांनी, बंद असेल तर काही तासांनी, उचलला नसेल तर दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी. मशिन ओळखण्याची सोय बंद ठेवून कारणे नीट वाचण्यावर मेहनत घेतली, तर भारतातल्या कार्यालयाला जास्त फायदा होतो.

कायद्याने आखलेली हद्द

ब्लँक कॉलांचा उपद्रव वाढला तेव्हा पाश्चात्य देशांत नियम आले. अमेरिकेने १९९१ मध्ये दूरध्वनी ग्राहक संरक्षण कायदा केला आणि २००३ मध्ये देशव्यापी ‘डू नॉट कॉल’ नोंदवही उघडली. त्याच वर्षीच्या विक्रीनियमांनी डायलरला आकड्यांत बांधले: माणसाचे ‘हॅलो’ संपल्यापासून दोन सेकंदांत बोलणारा माणूस हवा, किमान १५ सेकंद किंवा चार रिंग वाजू द्यायच्या, आणि माणसाने उचललेल्या कॉलांपैकी वाऱ्यावर सोडलेले कॉल तीन टक्क्यांवर जाता कामा नयेत. ब्रिटनचा दूरसंचार नियामक असलेल्या ऑफकॉमनेही तीन टक्क्यांचीच पट्टी लावली, तीही २४ तासांच्या हिशेबाने. ज्याचा कॉल एकदा सुटला, त्याला ७२ तासांत पुन्हा फोन करायचा तर बोलायला माणूस हजर असल्याची हमी हवी, अशी अट घातली. दंडही झाले. २००८ मध्ये बार्कलेकार्डला ५० हजार पौंड म्हणजे तेव्हाचा कमाल दंड बसला. मग कमाल मर्यादाच २० लाख पौंडांवर नेली गेली, आणि पुढे होमसर्व्ह व टॉकटॉक या कंपन्यांना प्रत्येकी साडेसात लाख पौंडांचा दंड झाला.

भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) २००७ मध्ये पहिले नियम केले, २०१० मध्ये ते बदलले आणि २०११ पासून १९०९ या क्रमांकावर नको असलेले फोन अडवण्याची नोंदणी खुली झाली. सध्याचा पाया १९ जुलै २०१८च्या नियमावलीचा आहे. तिच्यानुसार व्यावसायिक फोन व संदेश पाठवणाऱ्या संस्थेने टेलिकॉम कंपन्यांच्या सामायिक डीएलटी (वितरित नोंदवही तंत्रावरच्या) नोंदवहीत नाव घालावे लागते आणि ग्राहकाची पसंती व संमती तिथेच तपासली जाते. ऑटो डायलर वापरायचा तर आपल्या टेलिकॉम कंपनीला आगाऊ कळवणे बंधनकारक आहे. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ची मालिका ठेवलेली आहे. सेवा आणि व्यवहाराच्या फोनसाठी २०२४ मध्ये १६० पासून सुरू होणारी मालिका ठरली.

कागदावरचे हे नियम ऑगस्ट २०२४ पासून जमिनीवर जाणवू लागले. साध्या नंबरांवरून किंवा पीआरआय-एसआयपी लाइनवरून नोंदणीशिवाय जाहिरातीचे फोन करणाऱ्यांच्या सगळ्या जोडण्या तोडा आणि त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाका, असा आदेश ट्रायने दिला. सप्टेंबरच्या सुरुवातीलाच पावणेतीन लाखांहून जास्त जोडण्या तोडल्याचे आणि ५० संस्था काळ्या यादीत गेल्याचे ट्रायने जाहीर केले. फेब्रुवारी २०२५च्या दुरुस्तीने तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस केली आणि नोंदणी नसलेल्याविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाईची वाट मोकळी केली. पूर्वी त्यासाठी सात दिवसांत दहा तक्रारी लागत.

क्षेत्रानुसार आणखी बंधने आहेत. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट बजावले. जानेवारी २०२५च्या परिपत्रकात तिने बँकांना व्यवहाराचे फोन १६०० मालिकेवरून आणि जाहिरातीचे १४० वरून करायला सांगितले. शिवाय रद्द झालेल्या मोबाइल नंबरांची सरकारी यादी वापरून आपली नोंद साफ ठेवायला सांगितले. ही शेवटची सूचना प्रत्येक डायलरवाल्याने मनावर घ्यावी अशी आहे. बंद झालेला मोबाइल नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. जुन्या यादीवर चालणारा डायलर मग एखाद्याच्या थकबाकीचे फोन ज्याने तो नंबर नव्याने घेतला त्याला करत राहतो.

मुंबईने दाखवलेली वाट

ऑटो डायलिंगचे नाव निघाले की विक्री आणि वसुली आठवते; पण या तंत्राचा एक महत्त्वाचा प्रयोग मुंबईच्या वस्त्यांत झाला. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये ‘अरमान’ ही संस्था स्थापन केली आणि २०१३ मध्ये ‘एममित्र’ ही मोफत सेवा सुरू झाली. नाव नोंदवलेल्या गर्भवतीला तिच्या भाषेत, तिने निवडलेल्या वेळी ध्वनिमुद्रित फोन येतो. कोणत्या महिन्यात काय खावे, कोणती तपासणी करावी, बाळाला कधी लस द्यावी, अशी माहिती त्या त्या टप्प्यावर मिळते. गर्भारपणापासून बाळ एक वर्षाचे होईपर्यंत असे १४५ संदेश आहेत. केंद्र सरकारची ‘किलकारी’ सेवाही याच धर्तीची आहे: चौथ्या महिन्यापासून ७२ आठवडे, आठवड्याला एक फोन. २०१९ पासून अरमान तिचीही जबाबदारी सांभाळते.

तांत्रिकदृष्ट्या हाही ऑटो डायलरच. यादी, वेळ, रिंग, पुन्हा प्रयत्न ही सगळी सामग्री तीच. पण एममित्रमध्ये नोंदणी त्या बाईच्या संमतीने झालेली असते, वेळ तिने ठरवलेली असते, आणि फोन का येतो हे तिला ठाऊक असते. एवढे असूनही अनेक जणी काही महिन्यांत ऐकणे सोडून देतात. घरातला फोन नवऱ्याकडे असतो, नंबर बदलतो, कामाच्या गडबडीत फोन राहून जातो. अशा बाईला आरोग्यसेविकेने प्रत्यक्ष फोन केला तर ती परत जोडली जाते. पण आठवड्याला असे मोजकेच फोन शक्य असतात. मग ते कुणाला करायचे?

मिलिंद तांबे यांच्या नेतृत्वाखालच्या गुगलच्या संशोधकांनी अरमानबरोबर या प्रश्नावर काम केले. प्रत्येक बाईने आधीचे फोन किती ऐकले यावरून, सेविकेच्या फोनचा कुणाला सर्वांत जास्त उपयोग होईल याचा अंदाज बांधणारी पद्धत त्यांनी तयार केली. सुमारे २३ हजार महिलांवरच्या सात आठवड्यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले: ऐकणे सोडण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले. विक्रीच्या डायलरमध्ये गणित टेलिकॉलरचा रिकामा सेकंद शोधते. इथे त्याच जातीचे गणित माणसाच्या आवाजाची सर्वाधिक गरज कुणाला आहे ते शोधते. डायलर कशासाठी जुळवायचा, याचे याहून चांगले उदाहरण शोधायला महाराष्ट्राबाहेर जाण्याची गरज नाही.

विश्वासाचा तुटवडा आणि कृत्रिम आवाज

दरम्यान फोन उचलणाऱ्यांनी आपली हत्यारे गोळा केली आहेत. फोन करणाऱ्याचे नाव दाखवणाऱ्या, स्वीडनमध्ये २००९ मध्ये सुरू झालेल्या ट्रूकॉलरची सर्वांत मोठी बाजारपेठ भारत आहे. एअरटेलने सप्टेंबर २०२४ पासून संशयित स्पॅम कॉलवर आपोआप इशारा द्यायला सुरुवात केली. फोन करणाऱ्याचे नोंदणीकृत नाव थेट नेटवर्ककडूनच दिसावे, अशी शिफारस ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. आता बेफिकीर डायलरची शिक्षा दंडाआधीच सुरू होते. एकदा नंबरावर लाल ‘स्पॅम’ शिक्का बसला की लॅबचा तातडीचा रिपोर्टही कुणी ऐकत नाही. मग नवा नंबर घ्यायचा आणि तोही जाळायचा, या चक्रात अनेक कार्यालये सापडली आहेत.

त्यात बोलणारा आवाजही आता यंत्राचा असू शकतो. मराठीत प्रश्नोत्तरे करणारे एआय व्हॉइस एजंट भारतीय कंपन्या विकत आहेत. टेलिकॉलर मोकळा नसल्यामुळे पडणारी शांतता त्यामुळे संपेल, आणि त्याबरोबर फोनच्या संख्येला असलेली मानवी मर्यादाही संपेल. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात मतदारांना राष्ट्राध्यक्ष बायडन यांच्या बनावट आवाजात, प्राथमिक निवडणुकीत मत देऊ नका असे सांगणारे फोन गेले. पुढच्याच महिन्यात तिथल्या दूरसंचार आयोगाने एआयने तयार केलेला आवाज १९९१च्या कायद्यातल्या ‘कृत्रिम आवाजा’त मोडतो, असे जाहीर केले, म्हणजे पूर्वसंमतीशिवाय असे फोन बेकायदा. भारतात २०२३चा दूरसंचार कायदा आणि त्याच वर्षीचा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, दोन्ही संमतीवर भर देतात. फोनच्या पहिल्याच वाक्यात ‘मी यंत्र बोलत आहे’ असे सांगणे सक्तीचे करायला हवे, आणि त्यासाठी बनावट आवाजाच्या एखाद्या मोठ्या प्रकरणाची वाट पाहू नये.

मग लहान कार्यालयाने काय करावे?

समजा, नाशिकमधल्या एखाद्या निदान केंद्राला रिपोर्टची आणि पुढच्या भेटीची आठवण फोनवरून करून द्यायची आहे. सुरुवात सॉफ्टवेअरपासून करू नये, यादीपासून करावी. नंबर दहा अंकी आहेत का, दुबार नोंदी किती, शेवटचा संपर्क कधी झाला, आणि फोन करायला हरकत नाही असे रुग्णाने नोंदणीच्या कागदावर लिहून दिले आहे का, हे आधी पाहावे. मग टेलिकॉम कंपनीकडे संस्थेची नोंदणी, डायलर वापरत असल्याची सूचना आणि योग्य मालिकेतला नंबर. त्याच नंबरावर रुग्णाने उलट फोन केला तर केंद्राची ओळख सांगणारा आवाज मिळाला पाहिजे. मिस्ड कॉल पाहून परत फोन करणे ही आपल्याकडची पक्की सवय आहे आणि तिला उत्तर नसणे म्हणजे विश्वास गमावणे.

त्यानंतर आकडे. पद्धत प्रोग्रेसिव्ह, एका टेलिकॉलरमागे एक लाइन. रिंग ३० सेकंद. त्याहून कमी वेळात म्हाताऱ्या माणसाचा हात फोनपर्यंत पोचत नाही. पुन्हा प्रयत्न दिवसाला जास्तीत जास्त दोन, वेगवेगळ्या वेळी. फोनची वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सात. ‘पुन्हा फोन करू नका’ असे कुणी म्हणाले तर टेलिकॉलरच्या पडद्यावर त्यासाठी एकच बटण हवे, आणि ते दाबताक्षणी नंबर सगळ्या याद्यांतून वगळला गेला पाहिजे. संध्याकाळपर्यंत थांबणारी नोंद दुपारच्या फेरीत त्याच माणसाला पुन्हा गाठते.

सुरुवातीचा आठवडा पन्नास-शंभर नंबरांवर काढावा. रोज चार रकाने पाहावेत: किती लागले, किती जणांनी उचलले, उचलल्यावर किती सेकंदांनी माणसाचा आवाज गेला, आणि किती जणांनी नको म्हटले. आवाज पोचायला दोन सेकंदांहून जास्त लागत असतील तर लाइन वाढवण्याचा विचार बाजूला ठेवून आधी जोडणीतला विलंब शोधावा. पुढे माणसे वाढली आणि पॉवर किंवा प्रेडिक्टिव्हकडे जायची वेळ आली, तर सुटलेल्या कॉलांची तीन टक्क्यांची रेषा पडद्यावर ठळक दिसेल अशी ठेवावी. ती ओलांडली गेली की लाइन कमी करण्याचा अधिकार विक्रीप्रमुखाकडे न ठेवता, केंद्रात येणाऱ्या तक्रारीचे फोन जो ऐकतो त्याच्याकडे द्यावा.